पाहा, पान ०००

मुगभाटात, दुसऱ्या माळ्यावर, पत्रिकावाल्याच्या डोक्यावर
मी सातशे बारा पानांचा कुलवृत्तांत लावते आहे.
घराणं आगाशीचं, आता निम्मं माहीमला, उरलेलं कुठे कुठे.
संपादक मोरेश्वर सावे, बँकेतून निवृत्त,
दर मंगळवारी येतात
आणि एक फोटो वाढवून जातात.

फोटो वाढला की पुढचं सगळं खानदान अर्ध्या पानाने सरकतं.

पूर्वी आमचे खोपकर प्रत्येक संदर्भापाशी
«पाहा, पान ०००» ठेवायचे
आणि शेवटच्या रात्री पेन्सिलीने शून्यांत आकडे भरायचे.
एकदा चारशे शून्यं भरून झाली
आणि कुणाचा तरी पणजोबा सापडला.
ते काही बोलले नाहीत. खोडरबर घेतलं.

आता मी नावाच्या आधी एक खूण पुरते.
छापली जात नाही ती.
दुसऱ्या शाखेतून तिच्यापर्यंत दोरा आणते,
मग नाव कुठेही सरको, आकडा त्याच्या मागे जातो.
आज २१४, उद्या २१५.
मला बघावंही लागत नाही.
(खोटं. मी बघते.)

या मंगळवारी फोटो नव्हता.
पान २१४ वर बोट ठेवून म्हणाले, «हा परिच्छेद काढा.»

इंदुप्रभा, जन्म १९३८,
आग्रीपाड्याच्या म्युनिसिपल शाळेत चित्रकला शिकवत.
विवाह...
पुढे त्यांनी हात आडवा हलवला. «मंडळाने ठरवलंय.»
मी विचारलं नाही. आमचा दर पानावर आहे.

चार ओळी निवडल्या, उडवल्या.
खालचा भाऊ वर सरकून तिच्या जागी बसला.
पान सुरेख भरलं.

मग यादीत लाल झेंडे लागायला लागले.
पान ३९, भावाच्या टायफॉइडमध्ये दीड महिना उशाशी कोण,
पान ३०२, चिकूची वाडी विकताना सही न करणारी एकटी,
पान ५९०, मुलाची कॉलेजची फी.
एकूण सात जागा.

«हे लाल काय?»
म्हटलं, हे सगळे त्यांना शोधताहेत.
म्हणजे, प्रोग्राम असं म्हणत नाही.
तो म्हणतो, लक्ष्य सापडत नाही.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला,
पुन्हा पुसला.
खाली कटिंग मशीन धाड धाड पत्रिका कापत होतं.
«पाचशे नव्वदवरचं मीच लिहिलंय,» म्हणाले.
«परत येतं का गेलेलं?»
येतं म्हटलं. फाइल बंद करेपर्यंत.

«राहू दे आज. मंगळवारी सांगतो.»
जिन्यात पहिल्या माळ्याशी पावलं थांबली,
बराच वेळ, मग उतरली.

साडेआठला दिवे मालवताना प्रोग्रामने विचारलं,
बदल जतन करायचे?
मी «नको» दाबलं.

तशाही चार ओळींनी
पान वाढत नाही. बिल तेवढंच.