चामोटीला तेल

इथला वारा आधी चामड्यातलं पाणी पितो,
मग माणसांतलं.
पुन्ता अरेनासच्या चढावर वादळात धरून चालायला
नगरपालिकेनं दोर बांधलेत.
आमच्या दुकानात धरायला एवढंच:
खुर्चीच्या कडीला अडकवलेली वस्तऱ्याची चामोटी,
घोड्याच्या पुठ्ठ्याची, हातभराला दोन बोटं कमी,
मागे तागाची पट्टी.

आजोबा ब्राच बेटावरून आले तेव्हा
जैतुनाचं तेल लावायचे. ते खवटलं.
गिऱ्हाइकं अख्खा उन्हाळा नाक मुरडत दाढी करून घेत होती.
मग बाबांनी कत्तलखान्यातून
गुरांच्या खुरांचं तेल आणलं,
पिवळसर, पातळ, थंडीतही न थिजणारं.
"आयुष्यभर बर्फात उभी राहिली ती तंगडी,"
ते म्हणायचे, "तिला गोठायचं माहीत नाही."

तेल वर्षातून एकदा.
जूनमधल्या सगळ्यात लहान दिवशी,
गिऱ्हाईक अंधारात येतं नि अंधारातच जातं तेव्हा.
थेंब चार. पाचवा हावरटाचा.
बाकीचे दिवस तळहात पुरे.
आणि ते तळहात फिरवायचे,
वर नेताना सावकाश, खाली आणताना त्याहून सावकाश,
बुजलेल्या जनावराला
उभं राहा, मी आहे, असं सांगावं तसे.

मधोमध एक व्रण आहे. तो माझा.
नऊ वर्षांची होते. वस्तरा उलटवताना
पाठीवर वळवायचा, ते विसरले;
धारच आधी फिरली.
बाबा ओरडले नाहीत.
वजरीसारखा एक दगड घेऊन बसले,
कड घासत राहिले रात्रीपर्यंत,
आणि जेवताना एवढंच म्हणाले,
"दिंका, उद्यापासून तूच परजायचास."

मार्चमध्ये ते गेले.
एप्रिल, मे, कोणी हात लावला नाही.
मी पाती बदलायचा वस्तरा वापरला,
पाकिटातून काढायचं, टाकायचं, त्याला कसली माया.
जूनच्या एकवीस तारखेला चामोटी खाली काढली
तर ती कुरकुरली, जुन्या बुटासारखी.

आधी खोगिराचा साबण,
ओला नाही, ओलसर.
फेस काळा आला.
चाळीस वर्षांचं झिजलेलं पोलाद त्यात,
आणि त्यांच्या तळहाताचं जे काही होतं, तेही.
घमेल्यातल्या त्या पाण्याकडे
मी बराच वेळ पाहत बसले.
ठेवून करणार काय? लोणचं?
दार उघडून फेकलं,
तर वाऱ्यानं ते जसंच्या तसं
माझ्याच झग्यावर आणून टाकलं.
मी हसले. त्या दारात, त्या काळोखात, एकटीच.

मग तेल.
मोजलं. चार. पाच.
सात पडले.
बोटांनी पसरवलं, व्रणाभोवती गोल गोल,
सपाट फळीवर ठेवली, चुलीपासून लांब.
रात्रभर ती पीत राहिली,
सकाळी गडद होती, कॉफीच्या गाळासारखी.

दहाला आन्सेल्मो ओयार्सो आला,
चिलोएचा म्हातारा, मेंढ्या कातरणारा,
कान अजून तिखट.
गळ्याला टॉवेल, डोळे मिटलेले.
मी वस्तरा परजायला घेतला:
सर्‌र… आणि अडकला. सर्‌र… पुन्हा अडकला.
चामड्याला पातं सोडवत नव्हतं.

"तेल जास्त झालंय," तो डोळे न उघडता म्हणाला.
"हो."
"येर्कोकडून व्हायचं नाही असं."
"नाही."
"मग मी थांबतो."

तो लोकरीच्या पडलेल्या भावाबद्दल बोलू लागला,
कुठल्या धन्यानं कुणाला कसं बुडवलं.
मी वस्तरा मिटून ठेवला,
कडी डाव्या हातात ताणून धरली
आणि तळहात फिरवायला लागले,
वर सावकाश,
खाली त्याहून सावकाश.
हाताला तेल लागत होतं.
जास्तीचे तीन थेंब
एका सकाळीत निघणारे नव्हते.