तक्त्यात नसलेला रकाना

भूम तालुक्यातल्या खवाभट्ट्यांची यादी माझ्याकडे आहे.
एकशे बारा नावं, एकशे बारा धुराडी,
आणि छापील तक्ता: आज किती जळतं, उद्या किती वाचेल.
सगळं एकाच मापात.

धोरण म्हणतं, लाकूड बंद, विजेची शेगडी.
रात्री वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितलं.
परळीला कोळसा पेटतो, हजारावर अंशांचा जाळ.
उष्णतेचे तीन वाटे, एक तारेत शिरतो,
दोन मनोऱ्यांतून आभाळात, पाण्याची वाफ करत.
(पाणी कुणाचं, तो हिशेब दुसऱ्या खात्यात.)
आणि ती मोलाची वीज, गिरणी फिरवेल, दिवा लावेल,
ती इथवर येऊन दूध आटवणार.
शंभर अंशांचं काम.
खुरपणीला जेसीबी.

पण इंदुमती गाढवेंच्या भट्टीपाशी बसले
आणि गणिताला ठसका लागला.
दहा काटक्या जळतात, दूध घेतं दीड-दोन.
हिच्यापुढं परळी कंजूष.
मग कुणाच्या बाजूनं लिहू?

त्यांचं उलथनं थांबत नाही. थांबलं की खवा लागतो.
कढ येणं स्वस्त, बाई, आटणं महाग,
त्या म्हणाल्या, आणि मी मनात आकडा धरला: सातपट.

धुराड्याच्या बुडाशी जर्मनची घागर.
तिचं कोमट पाणी म्हशींच्या पेंडीला.
वीतभर पुढं ओली फडकी.
आणि कालच्या राखेत,
हाताला जेमतेम कळेल एवढ्या उबेवर,
मांजर.

हे कुणी शिकवलं?
"शिकवायचं काय त्यात? तापलेलं निवतंच.
निवता निवता कामाला लावायचं.
निवलेलं काय आपसुक तापतंय व्हय?"

लातूरला हाच नियम मला
चौदा मार्कांना आला होता.

कढईवरून वाफ चालली होती पत्र्याकडं,
सगळी महागाई सोबत घेऊन,
शेजारची कढई तापली असती तिच्यावर.
वर पत्र्यावर एप्रिलचं ऊन, कढापर्यंत नेईल इतकं,
त्यालाही कुणी काम सांगितलेलं नाही.

साहेबांचा फोन: मॅडम, एकच आकडा द्या.

तक्त्याच्या कडेला मी पेन्सिलीनं रकाना आखला:
किती अंशांवर?
ऑफिसच्या स्कॅनरला पेन्सिल दिसत नाही.
म्हणून जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून
पेनानं गिरवला. बॉनेट भाजत होतं.

एकशे अकरा राहिल्या.