भांगाची पानं

मारांडीचं पान मुठीत धरता येत नाही.
देठाकडून चिमटीत घ्यावं लागतं,
नाहीतर कडेचे काटे हातमोज्यातूनही आत येतात.
हे मला प्रोटोकॉलमध्ये सापडलं नाही,
भाटीच्या खाडीत, गुडघाभर चिखलात,
धाकलीबाय भांजींनी सांगितलं.

त्यांच्या लेखी ही पानं दुखऱ्या सांध्यावर बांधायची,
शिंगाळ्याचा काटा लागला तर वाटून लावायची.
विषाणू हा शब्द त्यांचा नव्हे.
तो मी आणला, मालाडहून रिक्षाने,
बर्फाच्या डब्याबरोबर.

परळला तिसऱ्या मजल्यावर
पानं अकरा दिवस सावलीत वाळतात.
मग दळण, मग मिथेनॉल, मग गाळण,
शेवटी काचेच्या तळाशी उरतो
काकवीसारखा हिरवट-काळा चिकटा,
दोन किलोंचा जेमतेम चमचाभर.
त्याला आम्ही अर्क म्हणतो
आणि कुपीवर तारीख घालतो.

पेशी माकडाच्या मूत्रपिंडाच्या,
बासष्ट साली काढलेल्या,
तेव्हापासून मरायचं विसरलेल्या.
त्यांच्यावर विषाणू सोडायचा, वर अर्क,
पाच दिवस दार उघडायचं नाही.
सहाव्या दिवशी रंग ओतून धुतलं
की पेशी जगल्या तिथे जांभळं,
मेल्या तिथे भोक.
घरी कुणी विचारलं काय करतेस,
तर सांगते, भोकं मोजते.

मार्चमध्ये त्र्याहत्तरऐवजी चार.
चार!
दोनदा मोजली, मग कुंदन पागधरेला मोजायला लावली,
त्याची पाच आली,
तरी आम्ही कँटीनमध्ये पॅटीस खाल्लं.
दुप्पट ताकदीचा अर्क घातला तेव्हा
विषाणू नाही, पेशीही नाहीत,
बशी लख्ख.
ढेकणांसाठी घर जाळल्यासारखी.

एप्रिलची पानं: एकाहत्तर.
मे: अडुसष्ट.
तेच झुडूप, तीच बाटली, हातही माझाच.
सर म्हणाले, मार्च विसर.

विसरायला भाटीला गेले.
धाकलीबाय वलांडीवर बोंबील टांगत होत्या,
जबड्यात जबडा अडकवून, न बघता.
मी म्हटलं, नाही झालं.
काय नाही झालं, ते त्यांनी विचारलं नाही.
"कवा खुडलीस?"
तारखा सांगितल्या.
खारट बोटांच्या पेरांवर त्यांनी तिथ्या मोजल्या.
"पयली अष्टमीची. मंगच्या दोनी आवसेच्या.
उधानाचं पानी प्यालेली पानं गो ती,
खारानं फुगलेली.
भांगाची घे."

सर हसले. भांगेची?
भांगाची, सर. भांगाची भरती.
अष्टमी-नवमीला पाणी कमी चढतं, ती.
मग त्यांनी चष्मा काढून पुसला,
पटलं म्हणून की काच मळली म्हणून,
सांगता येणार नाही.
"एका बाईच्या म्हणण्यावरून..."
म्हणाले, आणि वाक्य तिथेच सोडलं.
खरं आहे.
एका मार्चवरूनही काही सिद्ध होत नाही.

मी वहीत एक उभी रेघ मारली.
झुडूप, वजन, द्रावक, तारीख,
यांच्या शेजारी नवा रकाना: भरती.
त्याच्याही शेजारी, उरलेल्या अरुंद जागेत:
कुणी सांगितलं.

येती अष्टमी गुरुवारी आहे.
ओहोटी साडेबाराला, भर उन्हात.
धाकलीबाय म्हणाल्या, जेवून ये,
चिखलात उपाशी उतरू नये.
विळा त्या देतील,
बर्फाचा डबा माझा.

उजव्या अंगठ्यात मारांडीचा एक काटा अजून आहे.
दाबला की कळतो.
मार्चचा की एप्रिलचा,
त्याची नोंद नाही.