कानडी सहा, कानडी नऊ

कँपातल्या फुर्ताद बारची पाटी मी तीनदा रंगवली.
पहिल्यांदा बापाच्या हाताखाली, ब्रश धुवायला.
इनास फुर्ताद म्हणाला, साल टाका,
आजा सांगायचा, प्लेगच्या आधीचं.
आधीचं म्हणजे कितीचं?
इनास आत गेला, शेंगांची बशी घेऊन आला,
आणि बापानं बशीकडं बघत लिहिलं :
स्थापना १८९६.

दुसऱ्यांदा हुकूम आला, कानडी वर, मराठी खाली.
कानडी मला बोलता येतं; लिहिताना नक्कल करतो.
कारकुनानं चिठ्ठीवर काढून दिलं तसं काढत गेलो.
कानडी सहा आणि कानडी नऊ
एकाच आईची पोरं, शेपटीचा काय तो फरक,
आणि नेमकी तेव्हाच शिडीला म्हैस घासून गेली.
वर अठराशे सहासष्ट, खाली शहाण्णव.
एका पत्र्यावर तीस वर्षं.

सहा महिने कुणी वाचलंच नाही.
मग वाचलं ते हुदलीकरानं,
त्याचा गुत्ता किल्ल्याच्या अंगाला, साल सत्तर,
गावातला सगळ्यात जुना, आईशपथ.
भर दुपारी आला, पाटीखाली उभा राहून ओरडला,
"काय करूलालास रे इनास?
काल माझ्या मागं हुतास, आज पुढं कसा गेलास?"

पुरावे निघाले.
फुर्तादचं टेबल, त्यावर गोऱ्या शिपायानं चाकूनं कोरलेलं
टॉम, ७१.
साल म्हणा, पलटणीचा नंबर म्हणा,
किंवा त्या रात्रीचं बिल.
हुदलीकरानं ट्रंकेतून मोडी कागद काढला, परवाना म्हणून.
खानापूरहून निंगोजी मास्तर आणले, येण्याजाण्याचं भाडं देऊन.
मास्तरांनी चष्मा पुसला, कागद उलटा धरला, सुलटा धरला,
म्हणाले, ही घोड्यांच्या गवताची पावती आहे.
साडेतीन गाड्या. पैसे येणे बाकी.

त्यावर दोघंही प्याले, एकाच टेबलावर,
आणि भांडण नुसतं बदललं :
जुनं म्हणजे काय जुनं?
भिंत तर एकसष्टच्या पावसात बसली, नवी घातली.
कौलं गेली, पत्रा आला.
परवाना आजीच्या नावावर, आजी दुसऱ्या घरातली.
काउंटर मडगावहून आणलेलं.
बाटली म्हणाल तर कालची.

कल्लव्वा शेंगा उकडून विकते दारात.
ती म्हणाली, बग की,
हितं चिंच हुती, ह्या खांबाच्या जागी.
माझ्या सासूची आई मडक्यातनं शिंदी इकायची,
गोरे यायचे, हमाल यायचे, गाडीवाले यायचे.
शिपाई आला की मडकं ढोलीत.
साल?
साल काय की.
नाव बी सांगिटलं नाही मला कुणी तिचं.

शेंगा सोलल्याचा आवाज तेवढा येत राहिला.
हुदलीकरानं पैसे दिले, स्वतःचे आणि इनासचेही,
जे त्यानं आधी कधी केलं नव्हतं.

तिसऱ्यांदा रंगवली ती डांबर फासल्यामुळं.
मराठीवर की कानडीवर, आता आठवत नाही;
कशावरही फासलं तरी काम मलाच येतं.
इनास तोवर गेलेला. पोरगा मेल्विन म्हणाला,
मामा, जुनंच साल ठेवा, गोव्याची गिऱ्हाईकं फोटो काढतात.
जुनं कुठलं, मी विचारलं नाही.
शेपटी काढली अशी, की
स्टेशनकडून येणाऱ्याला सहा दिसावा,
चर्चकडून येणाऱ्याला नऊ.

कोपऱ्यात, जिथं पेंटर आपलं नाव घालतो,
तिथं एक मडकं काढलं, अंगठ्याएवढं,
काळ्या रंगात.
मेल्विन म्हणाला, हे काय?
म्हटलं, सही.
त्यानं वीस रुपये कापून घेतले.