फुली-गोळा

वरून पाहिलं तर हॅझलकोर्टचा विमानतळ म्हणजे
सॅस्कॅचेवानच्या सपाट पाटीवर
कुणीतरी घाईत मारलेली फुली.
एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या,
आणि बाजूला, वाऱ्याच्या नारिंगी बाहीभोवती,
पांढऱ्या फळ्यांचा तुटक गोळा.
पुढची खेळी कुणाची हे सांगायला
इथे मनोरा नाही.
एक पत्र्याची खोली, एक पेट्रोलचा पंप,
आणि फ्रीजवर चिठ्ठी:
शेवटी जाईल त्याने दिवा मालवावा.

इर्मा फ्रीसन उजव्या सीटवर बसायची.
बहात्तरीची, खिशात सूर्यफुलाच्या बियांचं पाकीट.
नियम तिने कधी एका दमात सांगितले नाहीत.
एक इंधन मोजताना, एक दार ओढून घेताना,
एक तर भावाला माती देऊन परतताना, गाडीत, मध्येच:
रेडिओ हे तोंड आहे. डोळा नव्हे.

जुलैची ती सकाळ.
वारा दोनशे पंच्याऐंशी अंशांवरून,
म्हणजे दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मधून,
कुणाचीच बाजू न घेणारा.
अशा वाऱ्यात दोघेही बरोबर असतात,
आणि घोटाळा तिथेच असतो.

मी तीन-एकच्या टोकाशी.
बोललो, शिकवल्याप्रमाणे:
गावाचं नाव आधी, गावाचं नाव शेवटी,
मध्ये मी कोण, कुठल्या पट्टीवरून, कुठे.
कानात नुसती खरखर.
थ्रॉटलवर हात ठेवत म्हणालो, "कुणी नाहीये."
"कुणी बोललं नाहीये," ती म्हणाली,
आणि ब्रेकवरचा पाय काढला नाही.

उजवीकडे बियाण्यांचं गोदाम.
त्याच्यामागे दोन-सहाचं टोक,
जे आम्हाला दिसत नाही
आणि जिथून आम्ही दिसत नाही.
ती दातांनी बी फोडत राहिली. एक.
दुसरी.
तिसरीला गोदामाच्या कडेतून
पिवळं विमान सुटलं,
पोटात फवारणीचं औषध, जड, शेपूट उचललेली,
फुललेल्या कॅनोलाच्या पिवळ्यावर पिवळं,
आणि फुलीच्या ऐन मध्यावरून,
जिथे मी एव्हाना पोचलो असतो,
जमीन सोडून गेलं.

टरफल तिने रुमालात ठेवलं.
मी कितीतरी वेळ माझाच हात बघत होतो.

दहा वाजता लॉर्न वोझनियाक आत आला, टोपी हातात.
तो बोलला होता. अगदी नियमाने.
गावाचं नाव आधी, गावाचं नाव शेवटी.
फक्त रेडिओ कालच्या फ्रीक्वेन्सीवर राहिला होता;
नव्वद मैलांवरच्या एका रिकाम्या धावपट्टीला
त्याने आपला इरादा सविस्तर कळवला होता.

मला चिडायचं होतं.
पण "मी सांगितलं होतं ना" हे वाक्य
आमच्या घरात वडील आणि मी
इतकी वर्षं एकमेकांना ऐकवत आलो,
दोघेही खरे, दोघेही
वेगळ्याच कुठल्या तरी गावाशी बोलणारे.
असो.

इर्माने कागदी रुमाल पुढे ओढला,
दोन उभ्या रेघा, दोन आडव्या.
लॉर्नची फुली, तिचा गोळा.
कॉफी निवेपर्यंत चार डाव झाले,
एकही कुणी जिंकलं नाही.
"दोघं बघून खेळले," ती म्हणाली,
"की हा खेळ असाच संपतो."
लॉर्न हसला नाही.
पेन मात्र त्याने तिचंच खिशात घालून नेलं.

अकराला आम्ही पुन्हा तीन-एकच्या टोकाशी.
वारा तोच, गोदाम तिथेच.
मी बोललो. खरखर.
मग तिने काही न बोलता
बियांचं पाकीट माझ्यापुढे धरलं.