ड्रायव्हरची बाजू

मगदूमांच्या सुनेनं किल्ली देताना सांगितलं,
'नव्वद टक्के ओरिजिनल आहे, काका.'
उरलेले दहा मी घरी आणून मोजले:
डावा दिवा दुसऱ्याच गाडीचा, बॅटरी परवाची,
मागचा बंपर कुपवाडच्या शेडमध्ये ठोकलेला,
आणि हॉर्न तर सरळ ट्रॅक्टरचा.

बाकी सगळी सत्तावन सालची.
लोक हिला डुक्कर फियाट म्हणतात.
समोरून नाकाड तसं आहे खरं.
शालन हळदकुंकू लावताना एवढंच म्हणाली,
'नाव ठेवणाऱ्यांची तोंडं बघा आधी.'

चौतीस वर्षं मी एसटी हाकली.
सांगली–जत, सांगली–विजापूर, मुक्कामी उमदी.
माझे हात परातीएवढ्या स्टिअरिंगचे,
गियर म्हणजे जमिनीतून उगवलेला दांडा,
खांद्यातून जोर लावायचा.
हिचा गियर स्टिअरिंगच्या मानेला,
डावाच्या दांडीएवढा.
पहिल्या दिवशी मी तो असा ओढला
की दस्तगीर मिस्त्री ओरडला,
'आबा, गाडी आहे, रहाट नव्हे!'

पुढची दारं उलटी उघडतात, बिजागरी मागं.
आत शिरायचं तर आधी पाठ, मग पाय.
शालनचा पदर दोनदा अडकला,
तेव्हापासून ती मागं बसते.

चोक थंडीत दोन बोटं, मार्चात एक.
पेट्रोल वर चढलं की बारीक उसासा येतो,
त्यानंतरच स्टार्टर.
आधी दिला तर अर्धा तास बोलत नाही.

हळदीचा वास जात नाही.
आण्णाप्पा मगदूम आडतीवरून हरिपूरच्या पेवांवर जायचे,
नमुन्याच्या पिशव्या पायाशी.
सीटखालचा पत्रा पुसला, फडकं पिवळं.
धुतलं, पुसलं, पुन्हा पिवळं.

तिसऱ्या आठवड्यात मागची सीट नीट पाहिली.
कोरी. फक्त डाव्या कोपऱ्यात
मालकाच्या वजनाचा एक खळगा.
मग पुढची पाहिली.
क्लचचं रबर कडेला झिजलेलं:
पाय आखूड, टाच उचलून दाबायचा.
स्टिअरिंग एकाच जागी गुळगुळीत, डाव्या हाताखाली.
आणि उजव्या खिडकीच्या काठावर
रंग उडालाय, बरोबर कोपराएवढा.
माझा कोपर तिथं ठेवला. बसला.

सुनेला फोन केला, कोण चालवायचं?
'ड्रायव्हरकाका.'
नाव?
'ड्रायव्हरकाकाच म्हणायचो की आम्ही.'
आरसी बुकात आजा, बाप, लेक,
तिघंही मगदूम.

उन्हाच्या झडपेमागं चिठ्ठी निघाली, कानडी.
मला कानडी येतं ते पाट्यांपुरतं,
विजापूर, अथणी, तिकोटा.
चिठ्ठीत एकही गाव नव्हतं.
शंभर फुटीवरच्या टायरवाल्या मल्लय्यानं वाचून दाखवली:
'तेल बदललं.
दुसऱ्यात घाई नको, दात वाजतात.
डाव्या चाकात हवा कमी.
तेल बदललं.
धाकटीला ताप, मिरजेला नेली, मालकांनी गाडी दिली.
तेल बदललं.'

मल्लय्यानं चिठ्ठी उलटून पाहिली.
मागं कोरी.
धाकटीचं पुढं काय झालं,
कुणाला विचारणार?

मी दुसऱ्यात घाई करायचं सोडलं.
दात वाजत नाहीत.

काल हरिपूरला जाताना शालन मागून म्हणाली,
'इथनं तुम्ही ड्रायव्हर दिसता.'
म्हटलं, आहेच की.
ती काही बोलली नाही.
संगमावरून परतताना मात्र पदर आवळून खोचला,
आधी पाठ, मग पाय.

रात्री चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूला
मी मराठीत लिहिलं:
तेल बदललं.
डाव्या चाकात हवा अजून कमीच राहते.
शालन पुढं बसली.