बाहेर उणे अकरा, आत दोन

रेइनोने तीस हिवाळे नांगर चालवला
थंडर बेच्या उत्तरेच्या रस्त्यांवर, रात्री दोनला निघून,
पुढे बर्फ लोटत, मागे मीठ पेरत.
उगवलं काहीच नाही.

निवृत्तीच्या पैशांतून लोक फ्लोरिडाला जातात.
याने मागवल्या लोखंडी कमानी, सतरा,
आणि धुरकट प्लास्टिकचा एक भलामोठा तागा.
शेजारच्या उल्लाने विचारलं, आत विमान ठेवणार का?
रेइनो म्हणाला, मुळे.

जूनच्या दहा तारखेपर्यंत इथे दव गोठतं.
तोवर वाट बघायची तर टोमॅटो हिरवेच मरतात.
म्हणून मार्चात मी बी सौनात रुजवते,
शनिवारची आंघोळ उरकली, वाफ निवली की
वरच्या फळीवर, जिथे सासूबाई बसायच्या
पाठीवर बर्चची डहाळी मारत.
दगडांतली ऊब रविवारपर्यंत पुरते.
मग ट्रे स्वयंपाकघरात, फ्रिजच्या डोक्यावर.

बोगद्यात शिरलं की आधी चष्म्यावर धुकं येतं,
मग वास.
मार्चात मातीचा वास येणं
म्हणजे इथे जवळजवळ चोरीच.
बाहेर माझ्या कंबरेइतका बर्फ
आणि आत पालक, ऑक्टोबरात पेरलेला,
थंडी खाऊन खाऊन गोड झालेला,
पानं जमिनीला चिकटवून
कान पाडलेल्या सशासारखा बसलेला.
त्याच्यावर पांढरं कापड: पांघरुणात पांघरूण.
कडेला काळे रंगवलेले पाण्याचे पिंप
दिवसभर ऊन पितात, रात्री थोडं थोडं परत करतात,
आमच्या बँकेपेक्षा इमानाने.

रेइनो बोलत नाही. त्यांच्या घराण्यातच नाही ते.
दारामागे खिळ्याला वही टांगलीय, पेन्सिलीसकट,
तीत तो दिवसाला एक ओळ लिहितो.
बाहेर उणे एकवीस, आत उणे तीन.
बाहेर उणे अकरा, आत दोन.
बाहेर उणे चार. आत एकोणीस. दार उघडलं.
एका पानावर नुसतंच: कोंब.
तारीखसुद्धा नाही.

एप्रिलात एका रात्री ओला बर्फ पडला,
कमानी वाकवणारा.
मला जाग आली तर पलंगाची ती बाजू गार.
खिडकीतून दिसलं, बोगद्यात कंदील,
आणि तो आतून प्लास्टिकला
केरसुणीच्या मऊ बाजूने ढोसतोय, हळू,
एक कमान, मग दुसरी,
आणि बर्फ दोन्ही अंगांनी घसरतोय.
तीस वर्षं ज्याला लोखंडाने ढकललं
त्याला उठवत होता,
झोपलेल्या पाहुण्याला उठवावं तसा.

मेमध्ये टोमॅटो जमिनीत लावले
आणि एकोणीसच्या रात्री आभाळ निरभ्र झालं.
निरभ्र म्हणजे इथे वाईट बातमी.
कापडं संपली, गोणपाटं संपली,
मग त्याने कपाटातून काढलं
माझ्या आईने विणलेलं लोकरीचं पांघरूण, लग्नातलं,
सेहेचाळीस वर्षं कुणालाही न दिलेलं,
आणि न विचारता रोपांवर टाकलं.

मी भांडले.
आमच्या संसारात मोजून चार भांडणं झाली,
त्यातलं हे सगळ्यात मोठं, आणि तेही एकतर्फी.

सकाळी वही पाहिली.
बाहेर उणे सहा. आत उणे एक.
पांघरुणाखाली चार.
आणि 'पांघरुणाखाली'च्या आधी,
जागा नव्हती म्हणून ओळीच्या वर, बारीक अक्षरात
घुसवलेलं: हेल्मीच्या.

कडेची तीन रोपं गेली, काळी पडून.
पांघरूण मी अजून धुतलेलं नाही.
टोमॅटोच्या पानाचा तो कडवट हिरवा वास
लागलाय त्याला, साबणाला न जुमानणारा.

काल उल्ला विचारत होती, पहिलं फळ कधी?
मी रेइनोकडे बघितलं.
तो बाजूचं प्लास्टिक वर गुंडाळत होता, वारा आत यावा म्हणून.
जुलै, म्हणाला.
मग थोड्या वेळाने, बहुतेक.